आधी दुसरा गेम, पण पुलापर्यंतच

विश्वाची निर्मिती चालू असताना माझा मामेभाऊ तिथं हजर असता, तर त्यानं देवाचा हात धरला असता आणि विचारलं असतं, "थांबा जरा, ह्याच्या आधी काय बघायचं?" बाकी माणसं अन्नपाण्यावर जगतात, हा क्रमावर जगतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं वरणभाताच्या आधी जिलबी टाकली, तर हा ती पानाच्या कडेला नजरकैदेत ठेवतो आणि भात येईपर्यंत तिच्याकडे बघतसुद्धा नाही. घोडेगावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की डोंगरातली माणसं ती टेम्पोत घालून त्याच्याकडे आणतात. माणूस बिचारा घाईत असतो, पीक वाळत असतं. तो दारातूनच ओरडतो, "भाऊ, मोटार जळाली, लवकर बघा!" त्यावर हा शांतपणे म्हणतो, "ह्यो शेवट झाला, पावणं. सुरुवात सांगा. पयल्यांदा कुरकुरली कवा?" मढच्या एका आजोबांनी एकदा सुरुवात म्हणून विहीर खणल्यापासून सांगायला घेतलं. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. ह्यानं उठून शटर अर्धं खाली ओढलं, मध्ये व्यत्यय नको म्हणून.

पण हे सगळं वरवरचं. त्याच्या क्रमाचा खरा गाभा म्हणजे ती जपानी मालिका. धरणात बुडालेल्या गावांची आणि त्या पाण्यावर होडी चालवणाऱ्या एका मुलीची गोष्ट आहे ती. तिचा एक भाऊ आहे, एक घंटा आहे, आणि पाणी तर इतकं आहे की माझी मामी पहिल्यांदा पडद्याकडे बघून म्हणाली, "आपल्या डिंभ्याच्या धरणावानीच हाय की रं हे कार्टून!" त्यावर हा दुखावून म्हणाला, "आये, कार्टून न्हाई. ॲनिमे." आता ही मालिका नुसती मालिका असती तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. पण तिचे तीन व्हिडिओ गेम आहेत, एक सिनेमा आहे, आणि मालिकेचेही दोन हंगाम आहेत. जपान्यांनी हे सगळं स्वतःच्या सोयीनं, मागचं पुढं आणि पुढचं मागं करून काढलेलं. ते कुठल्या क्रमानं बघावं यावर जगभरची पोरं इंटरनेटवर भांडतात म्हणे. घोडेगावात भांडायला कुणी नसल्यामुळे तिथला निकाल एकमतानं लागलेला आहे.

तो निकाल असा. आधी दुसरा गेम खेळायचा, पण पुलापर्यंतच. पूल ओलांडायचा नाही. मग पहिला हंगाम, त्यातला समुद्रकिनाऱ्याचा भाग सोडून, कारण "त्यात नुसत्या आंघोळी हायेत." मग पहिला गेम. मग परत दुसऱ्या गेमच्या पुलावर यायचं आणि आता तो ओलांडायचा. मग दुसरा हंगाम, आणि सिनेमा अगदी शेवटी. "सिनेमा आधी बघितला तर?" असं मी एकदा सहज विचारलं. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मामी चपला घालून देवघरात शिरणाऱ्याकडे बघते.

तसं बघण्याला कारण होतं. मी सिनेमा आधीच बघून बसलो होतो. मंचरहून पुण्याला जाताना एसटीत वेळ जात नव्हता, मोबाईलवर हाताला लागला, बघितला. होडीवालीचा भाऊ शेवटी पुरात जातो, हे पुण्याच्या दिशेनं नाही, चुकून शिक्रापूरच्या दिशेनं धावणाऱ्या गाडीत मला कळलं, कारण बघण्याच्या नादात मी बदलायची गाडी चुकलो होतो. त्याला सांगितलं तर त्यानं दोन मिनिटं डोळे मिटले. मग म्हणाला, "दादा, झालं ते झालं. आता तू इसर." तेव्हापासून दर दिवाळीला तो मला फराळाच्या ताटावर विचारतो, "इसरलास का?" मी म्हणतो, "थोडं थोडं." तो उसासा टाकतो आणि मला चिवडा वाढतो. चकलीच्या आधी.

यातलं हसणं एका जागी संपायचं. पोरगं पस्तिशीला टेकलं आणि लग्न जुळेना. आधीच आमच्याकडे मुलगा गावात राहतो म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा टाकून उठतात. त्यात हा बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला एकच प्रश्न विचारायचा: "तुमी ती मालिका बघितलीय का?" बहुतेकींना प्रश्नच कळायचा नाही. जुन्नरची एक मुलगी मात्र उत्साहानं म्हणाली, "हो, सिनेमा पाहिलाय!" घरचे खूश झाले. हा घरी येऊन खाटेवर आडवा पडला. "चांगली व्हती, दादा. पण तिला शेवट म्हाईत हाय." आणि त्यानं नकार कळवला. मामीनं त्या दिवशी भांडी नेहमीपेक्षा मोठ्यानं घासली. मी त्याला झापलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुमी सगळे अर्ध्यातनं येता आन् निघून जाता. मला कुनाला तरी पयल्यापासनं दाखवायचंय. एकालाच. लई न्हाई मागत मी."

तर कळंबचं स्थळ मी आणलं. मुलगी मंचरला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. मध्यस्थ म्हणून मी जरा तिखटमीठ लावून तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलाला जपानच्या कामाचा फार नाद आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ओसरीवर पाहुण्यांची ही गर्दी. तिचे मामा पुढे होऊन मला म्हणाले, "मग जपानच्या कंपनीत पगार डॉलरात असतो का येनमध्ये?" मी पोह्याचा घास घशात अडकवून घेतला. माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी ठसका हा एकमेव आधार असतो. मामेभाऊच सरळ म्हणाला, "कंपनी न्हाई मामा, मी मोटारी बांधतो. जपानचं फक्त बघतो." ओसरीवरची निम्मी गर्दी हळूच पांगली.

मुलगी पांगली नाही. "दोघांना बोलू द्या" म्हणून त्यांना गच्चीवर पाठवलं आणि मोठं माणूस म्हणून मला सोबत. वाळत घातलेल्या कुरडयांच्या पलीकडे मी आकाशाकडे बघत बसलो आणि कान इकडे ठेवले. त्यानं तो प्रश्न विचारलाच. मी मनात म्हटलं, झालं, गेलं हेही. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही बा. कशी असते?"

त्या माणसाचा चेहरा मी पुन्हा तसा कधी पाहिला नाही. तो बोलत सुटला. पूल, घंटा, किनाऱ्याचा भाग का सोडायचा, सगळं. खालून दोनदा हाक आली. जिना उतरताना तो पुढे गेला आणि ती माझ्यापाशी रेंगाळली. "दादा, एक सांगू? मी सगळी बघितलीय. गेमपण खेळलेय, भावाच्या मोबाईलवर. जे मिळंल ते, उलटंसुलटं."

"अगं, मग नाही का म्हणालीस?"

"ते इतकं जिवावर उदार होऊन विचारत होते ना... म्हटलं, ह्यांना नाही म्हटलेलंच बरं." आणि मग दम देऊन, "तुम्ही बोलायचं नाही हां कुठं!"

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सबंध आंबेगाव तालुक्याला ठाऊक आहे. पण ही राहिली. लग्न झालं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी, जेवणं झाली की पडदे ओढून कार्यक्रम सुरू व्हायचा. पूल आला, दोघं थांबली. पहिला हंगाम झाला, आंघोळी गाळून. ती प्रत्येक ठिकाणी विचारायची, "मग? पुढं?" इतकं बेमालूम की मलाच शंका यायची, गच्चीवर मी ऐकलं ते खरं का उन्हाचा परिणाम.

परवा गेलो तर दुसऱ्या हंगामातला तो भाग चालू होता ज्यात होडीवालीचा भाऊ कच्ची कैरी खातो आणि आंबटानं तोंड असं काही वेडंवाकडं करतो की पहिल्यांदा बघणारा हसतोच. मटार सोलता सोलता मामी खो खो हसली. मीही हसलो, कारण मला विसरायला सांगितलेलं होतं. त्याची बायको हसली नाही. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं. ज्याला माहीत आहे की हे पोरगं पुढं पुरात जाणार, तोच तिथं रडतो. दुसरं कुणी रडूच शकत नाही.

मामेभावानं वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. एवढ्यावरून ह्यानं जुन्नरचं सोन्यासारखं स्थळ मोडलं होतं. ती भानावर आली, पदरानं घाईघाईनं गाल पुसले. "डोळ्यात काहीतरी गेलं."

त्यानं रिमोट उचलून चित्र थांबवलं. उठला, पंखा बंद केला.

"आरं, उकडतंय की!" मामी म्हणाली.

"लई धूळ उडवतो ह्यो, आये," तो म्हणाला, आणि आपल्या खुर्चीत न जाता खाली सतरंजीवर तिच्या शेजारी येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "सांग बरं, पुढं काय व्हईल?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "मला काय माहीत?"

"मला बी न्हाई आठवत," तो म्हणाला.

मला शेवटची एसटी गाठायची होती. मी चपला घालून दारातनं मागं वळून पाहिलं, तर पडद्यावरचा भाऊ अजून होडीतच होता, आंबट तोंड करून, हातात कैरी धरून. पाणी शांत होतं. ती दोघं खांद्याला खांदा लावून त्याच्याकडे बघत बसली होती, आणि रिमोट कुणीच उचलत नव्हतं.