रेस उशिरा घेणारी पिकअप आणि आमचे भाऊजी

माझ्या हयातीत मी स्वतः तीन भुतं तयार केली आहेत. तिन्ही भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, आणि तिन्ही झकास खपली! पाण्याच्या टाकीवरच्या मुंडकं नसलेल्या गार्डला तर लोक अजून घाबरतात म्हणे. त्यामुळे कुणी 'अनुभव' सांगू लागलं की मी हसू दाबून मसाला किती पडलाय ते बघत बसायचो. आज माझी पाळी. तुम्हीही खुशाल बघा.

जयपूरला झोटवाड्यात माझी ताई आणि भाऊजी राहतात. त्यांच्यामागून मीही इथे आलो. भाऊजींची पांढरी डिझेल पिकअप आहे. मूर्तिकारांकडून संगमरवरी मूर्ती उचलायच्या आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवायच्या, हा धंदा. फोनाफोनी माझी, गाडी त्यांची. पेडलवरचा त्यांचा पाय इतका हलका, की मागे पेंढ्यात निजलेल्या गणपतीची झोप मोडू नये. जीभ मात्र तिखट. मला ते 'नाटक्या' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात भाऊजी उत्तरं उशिरा देऊ लागले. जेवताना काही विचारलं की एक घास जास्त जायचा, मग बोलायचे. त्यांना गाडी चालवायला ताईने बंदी केली, म्हणून मी स्टिअरिंगवर बसलो... आणि बघतो तर गाडीचंही तेच! पाय दाबा — काही नाही — आणि तुम्ही नाद सोडलात की उसळी.

विश्वकर्मा औद्योगिक भागात रामधनजींचं वर्कशॉप आहे. बॉनेट उघडायच्या आधी निदान करणारा माणूस. "भाईसाहब, मार्बल की धूल है. इंजन की नाक बंद है." एअर फिल्टर आपटला तर खरंच पांढरी भुकटी पडली. नवा बसवला, गाडी तरतरीत. त्या संध्याकाळी मी सहज विचारलं, भाऊजी, मी बारीक झालोय का हो?

"घरातला आरसा फुटला का रे नाटक्या?" ताडकन!

ताई इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग गाडी पुन्हा रेंगाळली, आणि भाऊजीही. डिझेल फिल्टर बदलला, तेव्हा ते दिवसभर ठीक होते. टर्बोचा चिरलेला पाइप बदलला, तर दुपारपुरते. योगायोग, मी म्हणालो. डॉक्टरांच्या गोळ्या ताई वेळेवर द्यायची, पण फोन करायची रामधनजींना — और क्या बदल सकते हैं, भैया?

उशीर वाढत गेला. आज विचारावं, चहा घेणार का, तर उद्या ते म्हणणार, साखर कमी. ताईने त्यावरही तोड काढली. उद्याचं सगळं ती आजच विचारून ठेवू लागली.

आणि गाडी? एकदा सीकर रोडवर मी पाय दाबदाबून थकलो. गाडी ढकलत कडेला लावली, किल्ली काढली, जेवून आलो. किल्ली फिरवली. पाय पेडलवर नव्हता, शपथ! आणि इंजिन गरजलं. मी जेवायच्या आधी दिलेली रेस... ती आता पोचली होती. रामधनजींनी स्कॅनर लावला. फॉल्ट काही नाही.

भाऊजींच्या मेंदूच्या स्कॅनमध्येही काही नव्हतं. पण डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की यातून परत फिरणं नाही, एक दिवस उत्तरं यायची थांबतील. ताई औषध आणायला गेली होती, तेवढ्यात मी भाऊजींना विचारलं, "ताईला सांगू का?" त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हटलं, उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर मी गप्प.

शेवटी राहिलं पेडल. रामधनजी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "इसके बाद मेरे पास कुछ नहीं है, दीदी." ताईने भाऊजींनाही वर्कशॉपला आणायला लावलं. ते माझ्या शेजारी बसले, ती खिडकीशी उभी राहिली. नवं पेडल बसलं. मी पाय ठेवला — नुसता ठेवला — आणि इंजिन कडाडलं. रामधनजींनी मिशीवर हात फिरवला.

आणि भाऊजी बोलू लागले.

"साखर कमी... निळा शर्ट... हो, उकडतंय... चप्पल पलंगाखाली आहे बघ."

साठलेली सगळी उत्तरं, ओळीने! ताईला एकेक प्रश्न आठवत होता. ती हसत होती, डोळे पुसत होती, "हो, हो, मीच विचारलं होतं" म्हणत होती. इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. मग भाऊजी माझ्याकडे वळले.

"नको रे नाटक्या. तिला सांगू नकोस."

मी पाय काढून घेतला. ताईने माझ्याकडे बघितलंच नाही. खिडकीतून आत वाकून तिने त्यांनाच विचारलं, "अहो, काय सांगू नको?"

त्यानंतर भाऊजी बोललेले नाहीत. दुसरा उन्हाळा आलाय. ताईने मला एका शब्दानं विचारलेलं नाही. विचारलंय त्यांना, आणि उत्तर त्यांनीच द्यायचं. रोज दुपारी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून ती भाजी निवडत बसते.

हे काय होतं, मला माहीत नाही. भुतं बनवणारा मी, पण याला नावही देता येत नाही. पिकअप मात्र आता नुसत्या स्पर्शाला पळते. परवा ताईने पुन्हा रामधनजींना फोन लावला होता. त्यांनी तिला नीट समजावलं, की गाडीत आता बदलण्यासारखं काहीच उरलेलं नाही.