गणिताचे सर आणि पॉइंटर

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा कळलं की आमचे डेटा स्ट्रक्चर्सचे सर नोकरी सोडून गेले. त्यांना पुण्याला कुठल्याशा कंपनीत काम मिळालं होतं. त्या वर्षांत कॉम्प्युटर शिकवणारं माणूस कॉलेजात टिकायचंच नाही. आम्हाला नवल वाटलं नाही, फक्त कंटाळा आला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा सगळ्यात अवघड पेपर अर्धा राहिला होता.

आठ-दहा दिवस तो तास रिकामाच गेला. मग एके दिवशी वर्गात गणिताचे सर आले. आमच्यातल्या पुष्कळांना ते माहीत होते. अकरावी-बारावीला त्यांनीच कॅल्क्युलस शिकवलं होतं. नंदाखाल गावचे, साठीला टेकलेले, शर्ट नेहमी इस्त्रीचा. टेबलावर पुस्तक ठेवून ते म्हणाले, "ऑफिसात सांगतात, कॉम्प्युटर म्हणजे शेवटी गणितच. तेव्हा मी शिकवायचं ठरलंय. मला यातलं काही येत नाही. आपण बरोबर शिकू."

पहिल्याच तासाला ते अडले. फळ्यावर त्यांनी पुस्तकातली ओळ उतरवली, x = x + 1, आणि खडू हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. उभा जन्म समीकरणांत गेलेला माणूस. शेवटी म्हणाले, "हे खोटं आहे." आम्ही हसलो. पहिल्या बाकावरच्या मुलाने सांगितलं की इथे बरोबरच्या चिन्हाचा अर्थ वेगळा असतो, उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवायची. सरांनी मान हलवली. "असं होय. मग त्यांनी दुसरं चिन्ह घ्यायला हवं होतं."

ते वर्ष आठवलं की मला आधी झोप आठवते. आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला राहायचो, नव्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावर. पाण्याचा टँकर पहाटे कधीही यायचा. बाबा मुंबईला नोकरीला असल्यामुळे लवकर निघायचे, म्हणून हंडे वर चढवायचं काम आईचं आणि माझं. त्यानंतर डबा, मग स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून एसटी. कॉलेजात पोहोचेपर्यंत दिवसभराची ताकद संपलेली असायची. दुपारी लॅब. चपला दाराबाहेर काढून आत जायचं, एका मशीनवर तिघं बसायचं. एसी मशीनसाठी होता, पण आम्हालाही लागायचा, आणि त्या गारव्यात निळ्या स्क्रीनसमोर माझे डोळे मिटायचे. मधेच वीज जायची. टाइप केलेला प्रोग्राम सेव्ह केला नसेल तर गेला. पुन्हा पहिल्या ओळीपासून.

सर लॅबमध्येही येऊ लागले. तसा नियम नव्हता. फळ्यावर लिहिलेला प्रोग्राम चालतो का, हे त्यांना बघायचं असायचं. माझ्या मागे उभे राहून ते चष्मा वर-खाली करत वाचायचे. एरर आली की विचारायचे, "काय म्हणतो तो?" मी वाचून दाखवायचे. "कुठल्या ओळीत?" तीही सांगायचे. मग हातातलं पुस्तक उघडून ते तिथेच भिंतीशी उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणायचे, "कालचं चुकलं होतं. खोडा." आम्ही खोडायचो. पुढे पुढे मुलं त्यांच्या तासाला बसेनाशी झाली. मी बसायचे, ते काही निष्ठा म्हणून नव्हे. तो तास बुडवून जाणार कुठे, एवढंच.

पॉइंटरपाशी सगळंच थांबलं. एका जागेत आकडा ठेवायच्या ऐवजी दुसऱ्या जागेचा पत्ता ठेवायचा, इतकं त्यांना कळलं होतं आणि तितकंच आम्हाला. त्यावरून पुढे साखळी करायची, लिंक्ड लिस्ट. साखळीत नवा दुवा जोडायचा, मधला दुवा काढायचा. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, आम्ही पाठ केलं. परीक्षेला नेमका दुवा काढायचा प्रश्न आला. सगळ्यांनी पाठ केलेलं लिहिलं.

निकालात निम्म्याहून जास्त वर्ग त्या पेपरात नापास झाला. मीही. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला, पण दुसऱ्या वर्षाचा हा विषय मानेवर घेऊन. घरी बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं आणि आईला म्हणाले, "हिला झोपू दे जरा." ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

निकालपत्र आणायला गेले तेव्हा सर जिन्यात भेटले. ते त्याच महिन्यात निवृत्त झाले होते, कसल्याशा कागदावर सही करायला आले होते.

"तूही?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

त्यांनी जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाले, "ऑक्टोबरात पुन्हा बसशील तेव्हा तयारी करावी लागेलच ना? मग रविवारी घरी ये. मी शिकवतो असं म्हणत नाही. मला ते एकदा समजून घ्यायचंय."

खरं तर मला रविवारी झोपायचं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

रविवारी चर्चमधून ते परत यायच्या सुमारास मी आगाशीच्या बाजूने जाणाऱ्या एसटीने नंदाखालला उतरायचे. नारळाच्या आणि केळीच्या वाड्यांमधून वाट होती. घरामागे बावखल होतं, वाडीला पाणी पुरवणारं लहानसं तळं. सरांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. ओटीवर दोन खुर्च्या, पुस्तक आणि खडूचा डबा. सरांची बायको त्यांच्याशी वाडीतल्या बोलीत बोलायची, त्यातलं मला अर्धंच कळायचं. माझ्याशी मात्र जपून, शाळेतल्यासारखं मराठी. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बाय, जेवून आलीस का?" मी हो म्हटलं तरी तिने केळी आणून ठेवली.

दोन-तीन रविवार आम्ही नुसतं वाचत राहिलो. सर वाक्य वाचायचे, मी अर्थ सांगायचे, ते विचारायचे, "खात्री आहे?" मला नसायची. मग पुन्हा मागे. एकदा तर मी बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा ते शांतपणे पुढचं पान वाचत होते, आणि त्यांची बायको पंखा माझ्याकडे वळवून गेली होती.

मग एका रविवारी त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि ओटीच्या लादीवर खडूने चौकोन काढले. चार चौकोन, लांब लांब, एकमेकांपासून दूर. प्रत्येकात एक आकडा, आणि खाली पुढच्या चौकोनाचा पत्ता. "आता मी मशीन," ते म्हणाले. "तू सांगशील तेवढंच करीन. जास्त काही नाही."

मी वर्गात शिकलेल्या ओळी म्हणायला लागले. दुसरा दुवा काढायचा होता. पहिली ओळ, तो दुवा मोकळा करा. सरांनी वाकून फडक्याने दुसरा चौकोन पुसला, आकड्यासकट, पत्त्यासकट. दुसरी ओळ, पहिल्या दुव्यात दुसऱ्याकडचा पत्ता लिहा. ते खडू घेऊन पहिल्या चौकोनापाशी गेले, बसले, आणि थांबले.

"कुठला पत्ता?"

"दुसऱ्यात होता तो."

"तो तर मी पुसला."

मी लादीकडे बघितलं. तिसरा आणि चौथा चौकोन तिथेच होता, आकडे शाबूत. पण तिथवर कसं पोहोचायचं ते मशीनला सांगायला आमच्याकडे वाटच उरली नव्हती.

"आधी पत्ता उतरवून घ्यायचा," मी हळूच म्हणाले. "मग पुसायचं."

सरांनी चौकोन परत काढला आणि मी सांगितलं तसं केलं. जमलं. त्यांनी पुन्हा वेगळे आकडे घेऊन केलं. तरी जमलं. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले आणि खुर्चीत बसले. चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"मी वर्गात उलटं शिकवलं," ते म्हणाले. "दोनच ओळी. उलट्या. सगळ्यांनी तेच लिहिलं असणार."

"पुस्तकातच नीट दिलेलं नव्हतं, सर."

"पुस्तकात बरोबर आहे. सकाळीच बघितलं. वर्गात शिकवत होतो तेव्हा मला वाचून कळलं नव्हतं." मग म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं. न समजलेलं कधी शिकवलं नव्हतं."

मला राग यायला हवा होता. मी आत शोधून पाहिलं, नव्हता. होता तो फक्त थकवा, आणि तो एकटा माझा नव्हता. समोरचा माणूस माझ्याइतकाच दमलेला होता, आणि त्याला कुणी ऑक्टोबरात पुन्हा बसायची संधी देणार नव्हतं. मी म्हटलं, "सर, आता नवा दुवा जोडायचं करून बघू या का?" ते लगेच उठले नाहीत. पण उठले.

त्यानंतरचे रविवार बरे गेले. स्टॅक म्हणजे थप्पी झाली, क्यू म्हणजे रांग झाली, झाडासारखी पसरणारी रचना झाली. ती ओटीवर मावेना म्हणून अंगणात काढली. वर्गातल्या आणखी दोघींना मी बोलावलं. सर त्यांनाही मशीन व्हायला लावायचे. आम्ही वाकून वाकून चौकोन पुसायचो आणि लिहायचो. कंबर दुखायची, पण रात्री पाठ करायला काही उरायचं नाही.

आम्ही तिघी सुटलो. गुण जेमतेमच पडले, कारण तिसऱ्या वर्षाचा अभ्यास सोबत चालू होता आणि त्यामुळे कुठल्याही पेपराला पुरेसा वेळ मिळत नव्हता. बाकीच्यांपैकी काही सुटले, काहींनी तो विषय आणखी एकदा दिला, एकाने कॉलेजच सोडलं.

पेढे घेऊन मी एकटीच गेले. सर वाडीत केळीला पाणी लावत होते. त्यांनी नळी खाली ठेवली, हात पुसले, पेढा घेतला.

"किती पडले?"

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. गणिताच्या पेपरात एवढे पडले असते तर त्यांनी मला उभं केलं असतं.

"आता पुढे काय आहे?"

"ऑपरेटिंग सिस्टिम, सर. शिकवायला अजून कुणी आलेलं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून नळी उचलली आणि पुढच्या आळ्यात सोडली.

"पुस्तक आणलंयस?" ते म्हणाले.

मी आणलं नव्हतं. पुढच्या रविवारी आणते म्हटलं, आणि एसटी पकडायला निघाले.