पाल्मीराने मागितलेला रविवार

पाल्मीराचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाचला ती इटलीतल्या बेर्गामोजवळच्या आमच्या रेशीम गिरणीत कढईपाशी उभी. उकळत्या पाण्यातल्या कोषांची टोकं बोटांनी शोधायची, पाच धागे एकत्र करून रहाटावर चढवायचे. तेरा तास. मी बॉयलरवर होतो. मला कधीतरी फोड यायचे. तिच्या बोटांना धड कातडीच उरली नव्हती.

बोलायला बंदी, पण जपमाळेला मुभा. मालक कासिआनो देवभक्त होते, शिवाय जपाने हातांचा ताल राहतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जप पाल्मीरा सांगायची. दर दहा मण्यांनंतर ती एक मागणं मांडायची, आजाऱ्यासाठी, मेलेल्यासाठी, आणि साठ बाया म्हणायच्या, "देवा, आमचं ऐक."

जूनमध्ये कोष जास्त आले. हुकूम निघाला, रविवारीही काम. आमच्या गावच्या फादर तुलियोंनी तर चर्चमध्ये पोपचं पत्र वाचून दाखवलं होतं : मजुराची विश्रांती काढून घेणारा करार अन्यायाचा.

शनिवारी मुकादमीण एर्सीलिया म्हणाली, "उद्या जी येणार नाही, तिने सोमवारीही येऊ नये."

"देवाला विचारून सांगते," पाल्मीरा म्हणाली.

"विचार की! हजेरी तो घेत नाही, मी घेते."

दुपारी जप चालू असताना मालक आले. रिवाजाप्रमाणे त्यांनी टोपी काढली. वाफेची नळी बघायला वर आलेला मी जागीच थबकलो. पाल्मीराने मान वळवली नाही, हातही थांबवले नाहीत.

"आपल्या मालकांसाठी मागू या. त्यांनी आमचा रविवार आम्हाला द्यावा."

बायांच्या माना कढयांवर आणखी खाली गेल्या. साठ घरांच्या चुली पणाला लागल्या होत्या. मग कोपऱ्यातली म्हातारी जेल्ट्रूदे पुटपुटली, "देवा, आमचं ऐक." मग तिची रांग. मग सगळ्या.

आता सगळ्यांचे डोळे मालकांकडे. मागणं देवापुढे मांडलेलं. गप्प राहावं तर प्रार्थना नाकारल्यासारखं. पुटपुटल्यासारखे त्यांचे ओठ हलले : देवा, आमचं ऐक.

रविवार मिळाला. सोमवारी पाल्मीराला दारातूनच परत पाठवलं.

"आता घरी बसून जप कर," एर्सीलिया म्हणाली.

अकरा वर्षांच्या मजुरीतून पाल्मीराने लग्नासाठी थोडं थोडं बाजूला टाकलं होतं. फादरांनी चर्चमागच्या कोठारात बायांची सहकारी रेशीम गिरणी काढली, तेव्हा त्या पैशांतून तांब्याची एक कढई आली. तिच्या मालकीची.