दिवसाला सहा घरं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या सरांमुळे बेंगळुरूत माझा जम बसला त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल कदाचित — बघू, शेवटापर्यंत पोचतो का ते.

आधी थोडी बढाई मारू द्या. औशाकडचं माझं गाव. नववीतून उठलो आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत चुलतभावाच्या मागे यशवंतपूरला आलो, मार्केटात पोती उचलायला. तिथून शिवाजीनगरला, सर्व्हे करणाऱ्या एका छोट्या कंपनीत फॉर्मांचे गठ्ठे बांधायला. मालक मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी एकदा सहज माझ्याकडून बेरजा तपासून घेतल्या, आणि तीन-चार वर्षांत सगळ्या सर्व्हेंची बजेटं मी करायला लागलो. नववीतून उठलेला माणूस! किती घरं तपासायची ते एम.ए. झालेले लोक ठरवायचे. पण ती घरं गाठायला माणसं किती, दिवस किती, बसभाडं, छपाई, कुलूप असलेल्या घराच्या दुसऱ्या खेपेचा खर्च — ते सगळं माझ्या कागदावर. माझं बजेट कधी फुटलं नाही. एकदाही नाही. त्याचा अभिमान आजही आहे, खोटं कशाला बोलू?

आणि भीतीही होती. रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारणार — याचं सर्टिफिकेट कुठाय?

शारदाक्का आमच्या सर्व्हेवाल्यांमधली सगळ्यात जुनी. येलहंकात राहायची, मराठी घरातली, पण निम्मं बोलणं कन्नडात. घरात कमावणारी ती एकटीच. अनोळखी दारात उभी राहिली की पाच मिनिटांत आतून कॉफी यायची — अशी तिची हातोटी. घरोघरी स्वयंपाकाला कोणतं इंधन जळतं, त्याचा मोठा सर्व्हे यायचा होता. बजेट करण्याआधी चाचणी घ्यायची आमची रीत: दहा घरी खराखुरा फॉर्म भरून बघायचा, एकाला किती वेळ लागतो ते लिहायचं, त्यावरून दिवसाला किती घरं ते काढायचं. बाकीचं सगळं बजेट त्याच आकड्यावर उभं राहतं. शारदाक्का प्रश्न विचारत होती, मी घड्याळ बघत होतो. लाकूड, रॉकेल, गॅस, शेणी, कुठून आणता, कोण आणतं — एकेक घर पन्नास मिनिटं. मधलं चालणं, कुलपं, दुसऱ्या खेपा धरून दिवसाला चार घरं. फार तर चार.

बाराशे घरं. चारने भागा — तीनशे दिवसांचा पगार. सरांनी कागद पाहिला. "दुसऱ्या कंपनीचा आकडा आपल्याहून कमी असणार रे. स्वल्प खाली येतो का बघ." एवढंच म्हणाले. खोटं लिही असं ते म्हणाले नाहीत — हे मी मुद्दाम सांगतोय.

मग मी काय केलं? चाचणीचा नवा कागद घेतला आणि पन्नासच्या जागी तीस लिहिलं. दहाही घरांना. कुठे अठ्ठावीस, कुठे बत्तीस, म्हणजे खरं वाटावं. दिवसाला सहा घरं, दोनशे दिवस. काम आम्हालाच मिळालं. सरांनी पाहुण्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला — "हा आमचा बजेटवाला." त्या दिवशी मी घरी चालत गेलो. बसमध्ये बसवेना, इतका फुललो होतो.

काम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शारदाक्का माझ्या टेबलापाशी आली. "काय अण्णा, सहा घरं? एक दिवस तुम्हीच फिरा की. चप्पल माझी घेऊन जा!" सगळे हसले. मीही हसलो. तिला वाटलं असेल वरून आलेला आकडा आहे. खरा कागद माझ्या खणात होता.

सहा होत नव्हतीच. कशी होणार? चार व्हायची, आणि उरलेल्या दोन घरांत पहिली पानं विचारून शेवटची दोन बसस्टॉपवर मनानेच भरली जायची. शारदाक्काच नाही, सगळेच तसं करत असणार. पण फेरतपासणीला काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची असतात, ती चिठ्ठी तिच्या घरांवर निघाली. तिथल्या बायकांनी सांगितलं, शेणीचं आम्हाला कुणी विचारलंच नाही.

शनिवारी, पगाराच्या वेळी, सरांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून खोट्या फॉर्मांचा जाब विचारला. ती रडली नाही. माझ्याकडे वळली.

"अण्णा, तुम्ही होता की माझ्याबरोबर. एका घराला किती वेळ लागला, सांगा."

सर माझ्याकडे बघायला लागले. सगळी खोली बघायला लागली. हे सांगायलाच इथवर आलो — मी खाली कागदाकडे बघून म्हणालो, "चाचणीत तीस मिनिटं आहेत, सर."

ती "सरी," म्हणाली — कन्नडात, ठीक आहे — शेवटचा पगार मोजून घेतला आणि गेली. सर तिच्या पाठीमागे म्हणाले, इतक्या वर्षांचा विश्वास. संध्याकाळी मी खणातला खरा कागद फाडला.

तो सर्व्हे बजेटात बसला. त्याचाही अभिमान वाटला मला — वाटला, हे लिहायलाच हवं.

पुढचा सर्व्हे तेवढाच लांब होता. मी घाबरत घाबरत पन्नास मिनिटं लिहिली. दिवसाला चार घरं. सरांनी वाचलं, म्हणाले, "एवढा वेळ लागतोच म्हणा," आणि सही केली. एक शब्द जास्त विचारला नाही. तेही काम मिळालं.

माणसांची यादी करायची होती. सर म्हणाले, "तुला पाहिजे ते घे." मी सोळा नावं लिहिली. शारदाक्काचं नाव मी लिहिलं नाही.