जसाच्या तसा पाडा

संशोधन शिकायला निघालेल्या माणसाकडे आकडे जमतात म्हणे. आम्हा तिघांकडे तलासरीत जमले ते किस्सेच! मी दवाखान्यातली डॉक्टर, सोबत नूतन सिस्टर आणि डॉ. मोरे. घरात पाण्याला तोटीचं पिंप दिलं तर पोरांचे जुलाब कमी होतात का, एवढंच बघायचं होतं. गाइड सरांनी अभ्यासाचं डिझाइन पास केलं तर पुढे सगळ्या पाड्यांना पिंपं मिळणार. नाही तर आलेलीही परत. त्यामुळे तिघांची झोप उडालेली.

* * *

हा विषय मिळाला तोही कसा! वर्कशॉपमध्ये मोरेंनी आधी प्रश्न घेतला होता, "डहाणू-तलासरीचं आरोग्य." सर म्हणाले, "फार मोठा. लहान करा." मोरेंनी एक तालुका केला, मग एक गाव, मग एक घर. सरांचं आपलं, "अजून नेमका!" चहाच्या सुट्टीपर्यंत मोरे स्वतःच्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्यावर येऊन पोचले! शेवटी सिस्टरने पिंपाचं सुचवलं म्हणून सुटलो.

* * *

झरीला सर्व्हेची तालीम. नियम असा, की दर पाचवं घर घ्यायचं. चार घरं टाकून निघालो, तर एक आजी काठी घेऊन आडव्या. "आमच्या दारावरून तसेच जाता? भांडण हाय का?" मग काय, प्रश्न पाचव्या घरी आणि कोरा चहा प्रत्येक घरी! परतताना सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, सॅम्पल छोटं आहे, पण पोटात अख्खं गाव आहे."

* * *

गुजरातच्या सीमेवरच्या झाईला दुसरा नियम आडवा आला: फक्त तलासरी तालुक्यातली घरं. पहिल्याच माणसाचं घर आपल्याकडे, पाणी भरायची भावाची विहीर गुजरातेत, आणि पोरगं आजारी पडलं ते मामाकडे, उंबरगावला! मोरेंनी घाबरून सरांना फोन लावला, "सर, हा जुलाब कुठल्या राज्याचा धरायचा?"

* * *

मग उधव्याजवळचे दोन पाडे घेतले. चिठ्ठी टाकली. वरच्या पाड्याला पिंपं मिळाली, खालचा पाडा तुलनेसाठी जसाच्या तसा. त्याला म्हणायचं कंट्रोल. तिथल्या लखमाकाकांना मी चांगलं बजावलं, "वर्षभर काही म्हणजे काही बदलायचं नाही हं."

सर पाहणीला आले, त्यांच्या हो-नाहीवरच सगळं होतं. आणि बघतो तर काकांच्या अंगणात अख्खा पाडा सुतकी चेहऱ्याने बसलेला. काकांनी थोरल्या मुलाचं लग्नच थांबवलं होतं! लग्न लावणारी धवलेरी सांगून ठेवलेली, मांडवाचे बांबू तोडून आणलेले.

"डॉक्टरबायनी सांगितलंय, काय बदलायचं नाय. सून आली का घर बदलणार."

मी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "अहो, लग्न खुशाल करा!"

तेवढ्यात नवरी स्वतःच पुढे आली. सुमी, वरच्या पाड्यातली. "करते. पण बाप मला आमचं पिंप देणार हाय. ते आणू का नको?"

मोरे पुटपुटले, "सर, कंट्रोलमध्ये पिंप!"

"नको तर नको म्हणा," सुमी म्हणाली. "पण उद्या माझ्या पोराला जुलाब झाले तर मी कुणाचं नाव घेऊ?"

मला तिचा फार अभिमान वाटला, आणि आमच्या डिझाइनची तितकीच धास्ती. सरांनी चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला.

"आण बाई, पिंप आण."

अंगणात एकच गलका झाला. लखमाकाका उठले, पाड्यातल्या सगळ्या पोरांवरून एकदा नजर फिरवली आणि सरांपुढे हात जोडले.

"सर, मग बाकीच्या पोरांनाबी वरच्याच पाड्यातल्या पोरी बघू का?"