कोकराची गाठ

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. आमच्या वाडीत कुणाच्या अंगात येऊन घुमणं सुरू झालं की मी उठून घरी जायचो. या सदरातले अनुभव मी वाचतो ते जेवणानंतर, सुपारी कातरता कातरता... स्वतः लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण हे आता लिहिलं नाही, तर मी ते पुन्हा कधीच कुणाला सांगायचा नाही.

आमचं गाव म्हणजे अणदूरच्या पलीकडची एक वाडी. वडिलांनी – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – जन्मभर मेंढरं राखली. मी शिकलो, धाराशिवला सरकारी ऑफिसात क्लार्क झालो. दोन-तीन वर्षांमागं अण्णांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बायकोच्या पाठीचं दुखणं, माझी नोकरी... शेवटी नळदुर्गजवळ हायवेच्या कडेला एक केअर सेंटर आहे, तिथं ठेवलं. लांबलचक पत्र्याचा हॉल, भिंतीला लागून खाटा, दिवसभर ट्रकचे आवाज.

अण्णा दोनदा खाटेवरून पडले. तिथले मॅनेजर – सगळे त्यांना सर म्हणतात – मला म्हणाले, "दुपारी स्टाफ जेवायला जातो. तेवढा वेळ हात बांधून ठेवावा लागेल. सगळ्यांचाच बांधतो. तुमची हरकत नाही ना?"

"बांधा," मी म्हणालो. एवढंच. कसा, किती वेळ – काही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर अण्णांचा डावा, तेवढा एकच चालणारा हात बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या दांडीला आवळलेला. मनगटावर वळ. अण्णांनी आधी गाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

ती नजर मला कळली. कोकरू बांधायची अण्णांची स्वतःची एक गाठ होती. कोकरानं कितीही ओढलं तरी ती गळ्याला आवळायची नाही, आणि मोकळ्या टोकाला एक हिसका दिला की सुटायची. वेढा द्यायचे, दोरी मुडपायचे आणि शेवटी तिचा एक छोटा कान वर काढून ठेवायचे. अख्ख्या वाडीत कुणाला जमायची नाही. मला लहानपणी शिकवायला बसायचे आणि वैतागायचे. "तू सायबच हो बाबा. तुझ्या हातनं कोकरू मरायचं."

शेजारी चंद्रकलामावशी उभ्या होत्या, तिथं पेशंटचं सगळं करणाऱ्या. हळू आवाजात म्हणाल्या, "म्या ढिलंच बांधते ओ दादा, पर सर येऊन परत आवळत्यात. तुमी जरा बोला की त्यास्नी."

"बोलतो," म्हणालो. आणि न बोलता एसटीत जाऊन बसलो.

वळाची जखम झाली, जखम चिघळली, ताप चढला... तेव्हा कुठं मला फोन. अण्णांना सोलापूरला दवाखान्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उशाशी बसलो होतो. त्यांचे डोळे मिटलेले, आणि डाव्या हाताची बोटं पांघरुणावर चालत होती. वेढा, मुडप, कान वर. एक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला. बऱ्याच वेळानं बोटं थांबली आणि ते शांत झोपले.

त्याच्या पुढच्या सकाळी बायकोला तिथं बसवून मी त्यांचे कपडे आणायला सेंटरला गेलो. आत सर चंद्रकलामावशींना झापत होते. आदल्या दुपारी स्टाफ बाहेर जेवत होता, ग्रीलला बाहेरून कुलूप होतं. परत येऊन बघतात तर हॉलमधल्या प्रत्येकाच्या हाताची गाठ बदललेली. एक आजी तर ती सोडवून ग्रीलपाशी उन्हात जाऊन बसल्या होत्या. सरांनी पुरावा म्हणून एका खाटेवरची पट्टी तशीच ठेवली होती.

"हे बघा हिचे धंदे!"

"देवाशपथ सर, म्या भाईर भाकर खात हुते. मला आसली गाठ बी येत न्हाय."

पट्टीचा एक छोटा कान वर काढलेला होता. मी टोकाला हिसका दिला. सुटली.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या ओळखीची आहे का ही गाठ?"

हो म्हणालो असतो तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं – गाठ कुणाची, तो माणूस कुठं आहे, त्याचं मनगट कशानं सडलं, बांधा कोण म्हणालं.

"नाही," मी म्हणालो.

मावशींना त्याच दिवशी काढून टाकलं.

निघताना मी त्या आजींना विचारलं, "काल कोण आलं होतं, आजी?"

"मला कुठं दिसतंय बाबा? पर घोंगड्याचा वास लई आला."

अण्णांची घोंगडी सेंटरमध्ये चालत नाही म्हणून मी पहिल्याच दिवशी घरी परत नेली होती.

अण्णा त्याच आठवड्यात गेले.

नंतर मी खूप डोकं चालवलं. अण्णांचं बघून मावशीच ती गाठ शिकल्या असतील, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पण मग त्यांनी सगळ्यात आधी अण्णांचीच गाठ नसती का बदलली?

गेल्या महिन्यात मावशींना शोधून काढलं. नळदुर्गच्या एका धाब्यावर भांडी घासतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसत ऐकून घेतलं.

"आता सांगताय व्हय, दादा?"

"मी सरांशी बोलतो. परत घेतील तुम्हाला."

"तुमी बोलणार?" त्या हसल्या. "नगं. हितं बरं हाय. मानूस आपल्या पायानं येतंय, खातंय, जातंय." मग म्हणाल्या, "तिथं अजून बांधत्यात का?"

मी ते पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेंटरला गेलो. अण्णांची काठी राहिली आहे असं सांगून आत शिरलो. बांधतात. तसंच, आवळून. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि – हसू नका – वाट पाहिली. घोंगडीचा वास येतो का बघितलं. फिनेलचाच येत होता. त्या दुपारी तिथं कोण आलं, कसं आलं, मला आजही सांगता येत नाही.

मग पहिल्या खाटेपाशी बसलो. अण्णांची गाठ मला अजूनही येत नाही. नुसती ढिली करता येते, तेवढी केली. पुढच्या खाटेशी गेलो. सर आले तेव्हा तिथंच वाकलेलो होतो.

"अहो, काय चाललंय हे?"

"मागं तुम्ही विचारलं होतं ना सर," मी म्हणालो, "ती गाठ ओळखीची आहे का... हो. माझ्या वडिलांची आहे."