मी चालवलेला, अण्णांनी राखलेला डंपर

श्री. दत्ताराम मिराशी, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथासाठी लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. अण्णांविषयी आदर नाही म्हणून नव्हे. मला त्यांचा हेवा वाटतो, आणि हेवा करणाऱ्याने गौरवलेख लिहावा की नाही, हेच ठरत नव्हते. माझी पत्नी सुमती म्हणाली, "जे वाटतंय त्येच लिवा. अण्णास्नी काय ठावं न्हाई व्हय?" म्हणून लिहितो आहे.

सुप्याच्या धरणाचे काम चालू असताना गणेशगुडीजवळ आमची पहिली गाठ पडली. मी नवा डंपर ड्रायव्हर, अण्णा वर्कशॉपमधले मेकॅनिक. दगडांनी भरलेली माझी गाडी चढावर बंद पडली, मागे रांग लागली, आणि मी घाबरून पुन्हा पुन्हा सेल्फ मारत होतो. अण्णा दाराशी येऊन शांतपणे म्हणाले, "थांब जरा. ती काय सांगतीया त्ये ऐकू तरी दे." त्यांनी डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढली आणि इंजिन सुरू झाले. गाडी माझी, पण बोलली त्यांच्याशी. हेव्याची सुरुवात तिथलीच.

ड्रायव्हर म्हणून मी त्यांच्याहून सरस होतो, हे या ग्रंथात एकदा छापून यावे अशी माझी इच्छा आहे. अण्णा गाडी मागे घेताना आजही धास्तीने तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.

धरण बांधून झाले. मला बसवर नोकरी मिळाली आणि मी धारवाडकडे गेलो. ते जुने डंपर रानाच्या कडेला उभे राहिले, त्यांच्यावर वेली चढल्या आणि एकेक करून ते भंगारात गेले. अण्णांनी त्यातला एक भंगारवाल्याकडून सोडवून जोयड्याजवळच्या आपल्या घरामागे आणला. गुरांच्या गोठ्याची जागा त्याला दिली. वहिनी बरेच दिवस त्यांच्याशी नीट बोलत नव्हत्या, असे त्या स्वतःच सांगतात.

निवृत्त होऊन गावी परतल्यावर मी तो पाहायला गेलो. शेडमध्ये पाऊल टाकले आणि थबकलो. उळवीच्या जत्रेतून आणून मी समोरच्या काचेखाली बसवलेला पितळी नंदी जागच्या जागी होता. अण्णांनी तो घासून लख्ख ठेवला होता. तो माझाच डंपर होता.

"वळखलास न्हवं, मारुती?" अण्णांनी विचारले.

"वळखला," मी नंदीवर बोट फिरवत म्हणालो.

नोकरीत माझ्या हाताखालून कितीतरी बसगाड्या गेल्या, त्यातली एकही माझी राहिली नाही. आणि माझी पहिली गाडी दुसऱ्याच्या घरी सुखाने नांदत होती. अख्ख्या तालुक्यात तिला 'अण्णांचा डंपर' म्हणत होते.

अण्णा दर सोमवारी सकाळी तिचे इंजिन चालू करतात आणि गरम होईपर्यंत शेजारी उभे राहतात. पावसाळ्याआधी सांध्यासांध्यात ग्रीस भरतात, हौद्याचा गंज खरवडून रंग देतात. न मिळणारे भाग बेळगावच्या लेथवर बनवून घेतात. भिंतीवर धरणाच्या कामावरच्या सोबत्यांचे फोटो आहेत. त्यातले बहुतेक आता नाहीत. कोण कुठल्या गावचा, कोण गाताना कसा बेसूर व्हायचा, हे अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसेही तिथे येतात, कारण त्यांची बिऱ्हाडे याच गाड्यांतून हलली होती. एकदा मी तिथे असताना रामनगरहून गंगाबाई नावाच्या म्हाताऱ्या आल्या. हौद्यावर हात ठेवून त्या रडू लागल्या. "ह्येच्यातनंच माजं जातं आलं, शेरडं आली. दत्तारामा, तुजं लई उपकार हायती."

ते बिऱ्हाड मी वाहिले होते. जाते उतरवायलाही मीच हात लावला होता. अण्णांनी लगेच माझ्याकडे बोट केले. "आक्का, गाडी म्या न्हाई हाणली. ह्या मारुतीनं हाणली."

गंगाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "आसंल बाबा," त्या म्हणाल्या. "पर राखली कुणी?"

मी घरी येऊन धड जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी अण्णाच आमच्याकडे आले. त्यांनी चहा घेतला, पाऊसपाण्याचे बोलले, कालच्याविषयी शब्दही काढला नाही. उठताना म्हणाले, "सोमवारी येत जा की. मला आता इंजनाचा बारीक आवाज ऐकू येत न्हाई." तेव्हापासून मी दर सोमवारी जातो आणि आवाज ऐकून सांगतो. पुढे लक्षात आले की आत वहिनी हळू आवाजात काय बोलतात तेही अण्णांना शेडमध्ये ऐकू येते. मी त्यांना तसे विचारलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात अणशीकडच्या एका वाडीत भाताच्या खाचरांवरचा मोठा बांध फुटला. लावणी नुकतीच झाली होती. दगड टाकून भगदाड बुजवले नाही तर वाडीचे वर्षाचे भात वाहून जाणार होते. नव्या टिप्परवाल्यांनी तो चिखल पाहून नकार दिला. अण्णा डंपर घेऊन निघाले, मी शेजारी बसलो. शेवटची वाट अरुंद होती, एका बाजूला ओढा, आणि गाडी मागे मागे घेत न्यायची होती. अण्णांनी इंजिन चालू ठेवले आणि ते सगळ्यांदेखत खाली उतरले.

"मारुती, फुडं तू," ते म्हणाले. "ही तुजी हाय."

मी गाडी भगदाडापर्यंत नेली आणि दगड ओतले. संध्याकाळपर्यंत खेपा चालल्या. बांध धरला, खाचरे वाचली. लोक नारळ घेऊन आले आणि 'अण्णांचा डंपर देवासारखा आला' म्हणत नारळ अण्णांच्या हातात दिला. गाडी मारुतीने नेली, असे अण्णांनी परोपरीने सांगितले, कुणी ऐकले नाही. तेव्हा त्यांनी नारळ फोडला आणि पहिले खोबरे माझ्या हातावर ठेवले.

इथे माझा हेवा संपला असे लिहिले असते तर लेख गोड झाला असता. तसे झाले नाही. ज्याचा हेवा करायचा तो माणूस थोडा तरी वाईट असावा, म्हणजे मनाला बरे पडते. अण्णांनी तेवढीही सोय ठेवलेली नाही.

अण्णांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. नजर तीक्ष्ण राहो, हातांना कंप न सुटो, गाडीत चढताना गुडघे कधी कुरकुर न करोत. आणि एखाद्या सोमवारी गुडघ्यांनी नाहीच ऐकले, तर त्यांनी दुसऱ्या कुणाला नव्हे, मला हाक मारावी.